साइडबोर्डचा मधला खण

माझे सासरे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्या आईशी धड बोलण्याआधी त्यांनी तिच्या कपाटाचा खण उघडला. नुसता उघडला नाही, तर पार बाहेर काढला, त्यातले हातरुमाल पलंगावर ओतले, खण उलटा केला, सुलटा केला आणि त्यात नाक खुपसलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या होणाऱ्या बायकोकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली की ते सगळीकडे असंच करतात, थोडा वेळ जाऊ द्या. थोड्या वेळाने त्यांनी खण जागेवर बसवला, कपाटाचा मागचा एक पाय हलतोय तेवढा नीट करून देतो म्हणाले आणि मग खुर्चीवर बसून चहा प्यायले. ते गेल्यावर आईने हळूच विचारलं, "यांच्या घरी सगळं ठीक आहे ना रे?"

ठीक नव्हतं. पण ते कळायला मला सहा वर्षं लागली.

सासरे जुन्या फर्निचरची दुरुस्ती करायचे. पंचेचाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. बाजारातले दुकानदार त्यांना 'नाक' म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. वस्तू किती जुनी आहे ते हा माणूस वासावरून सांगायचा. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. चहाच्या पाण्याने नवं लाकूड जुनं दिसतं, साखळीने बडवलं की शंभर वर्षांचे पोचे येतात, पण बंद खणातली हवा कुणाला बनवता येत नाही, असं ते म्हणायचे. लाखेच्या पॉलिशने त्यांची बोटं कायमची तांबडी-काळी झाली होती. हात कितीही घासले तरी नखांच्या कडा साफ व्हायच्या नाहीत.

शिवाय त्यांना जुन्या सुती कपड्यांची हाव होती. पॉलिश लावायचा बोळा मऊ, शंभरदा धुतलेल्या सुती कापडाचाच लागतो. नवं कापड चालत नाही, ओरखडे येतात. त्यामुळे ज्या घरी जातील तिथे जुने कपडे मागायचे, आणि मागून मिळाले नाहीत तर उचलायचे. माझे तीन बनियन त्यांनी दोरीवरून नेले. एक तर तसा बराच नवा होता. मी तक्रार केली तर बायको म्हणाली, निदान कुठल्यातरी राजाच्या टेबलावर फिरले असतील.

वर्कशॉपच्या मागे दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. जन्मभर दुसऱ्यांची कपाटं दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या घरात एकही कपाट नव्हतं. कपडे भिंतीतल्या खिळ्यांवर, भांडी फळीवर, कागदपत्रं बिस्किटांच्या डब्यात. मी एकदा चेष्टेने म्हटलं की एखादं कपाट स्वतःसाठीही ठोका. ते म्हणाले, "दार बंद होईल असं काही नको मला घरात, जावईबापू." मी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

कपाट एके काळी होतं. ते माझ्या सासूबाईंचं, ज्यांना मी कधी पाहिलं नाही. त्या घरी शिवणकाम करायच्या. कपड्यांना कसर लागू नये म्हणून कपाटात संत्र्याच्या वाळलेल्या साली ठेवायच्या, आणि शिलाई मशिनच्या तेलाची बाटलीही त्यातच. त्या बाटलीचं बूच कधी घट्ट बसायचं नाही. माझी बायको नऊ वर्षांची असताना त्या आजारी पडल्या आणि गेल्या. दोन महिन्यांनी ती शाळेतून आली, तर कपाट जागेवर नव्हतं. भिंतीवर तेवढ्या मापाचा एक उजळ चौकोन होता. कपाट कुठे गेलं, असं तिने विचारलं. वडिलांनी सांगितलं की एका घरी देऊन टाकलं, त्यांच्याकडे मुलं फार आणि कपडे ठेवायला जागा नाही. आणि त्यांच्यात एक मुलगी आहे, अगदी तुझ्याएवढी.

त्या मुलीने माझ्या बायकोचा पिच्छा कधी सोडला नाही. तिने तिला 'कपाटवाली' म्हणायला सुरुवात केली. दर वर्षी अंगाला तोकडा झालेला एक फ्रॉक ती वडिलांच्या हातात द्यायची, कपाटवालीला द्या म्हणून. ते सगळे फ्रॉक आईने शिवलेले होते. पुढची पुढची मापं धरून आईने आजारपणात एकामागून एक शिवून ठेवले होते. वडील निमूटपणे फ्रॉक घेऊन जायचे. बसला का तिला, असं ती विचारायची. ते म्हणायचे, थोडा सैल होतो, तुझ्यापेक्षा बारीक आहे ती. असे सात फ्रॉक गेले. मग आईने शिवलेले संपले.

फ्रॉक संपले, पण ती मुलगी संपली नाही. अजूनही बसस्टॉपवर आपल्या वयाची अनोळखी बाई दिसली की माझी बायको बोलता बोलता थांबते आणि तिच्याकडे बघत राहते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने मला सांगितलं की आपल्या शेजारून कुणीतरी चालतंय असं तिला कायम वाटतं. आईच्या कपाटाचं दार तिकडे उघडतं, आईचा वास तिकडे येतो, आणि इकडे नुसता चौकोन. मी म्हटलं, झोप नीट झाली नाही की असं होतं. मी हा असा माणूस आहे, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी आम्ही नवं घर घेतलं. जेवणाची खोली लांबट, तिची एक भिंत पूर्ण मोकळी. तिथे साइडबोर्ड हवा, असं बायकोने जाहीर केलं. म्हणजे भिंतीला लावून ठेवायचं लांब, कमरेएवढं कपाट. वर संगमरवर, दोन्ही बाजूंना दारं, मध्ये खण. आणि तो जुना हवा, आणि फ्रेंच हवा. माझं म्हणणं असं, की ताटल्यांना कपाट लागतं हे खरं, पण ताटल्यांना ते कुठल्या देशाचं आहे ते कळत नाही. माझं म्हणणं विचारात घेतलं गेलं नाही. ताटल्या स्वयंपाकघरात खोक्यात पडून राहिल्या.

चार रविवार आम्ही सासऱ्यांना घेऊन जुन्या बाजारात हिंडलो. खरं सांगतो, मला मजा आली. दुकानात शिरले की ते कुणाशी न बोलता गुडघ्यांवर बसायचे. पुढच्या बाजूचं नक्षीकाम बघायचेच नाहीत. ते गिऱ्हाइकासाठी असतं, म्हणायचे. आधी मागची फळी, मग तळ, मग खणांचे कोपरे, जिथे दोन फळ्या बोटांत बोटं गुंतवावीत तशा एकमेकींत बसवलेल्या असतात. ते सांधे थोडे वेडेवाकडे असले तर हाताचे, सगळे सारखे असले तर यंत्राचे. शेवटी नाक. एका अक्रोडाच्या साइडबोर्डचे पाय दुसऱ्याच वस्तूचे निघाले. दुसऱ्याची मागची फळी प्लायवूडची. तिसरा मला फार आवडला होता. त्याच्या तळाशी त्यांनी मला एक स्क्रू दाखवला. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असते, ते म्हणाले, फुलीचा स्क्रू दिसला की समजायचं माल आपल्या हयातीतला. मी त्या दुकानदाराकडे असं बघितलं, जणू हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

एकच दुकान ते टाळायचे. बाजाराच्या टोकाचं, सगळ्यात मोठं, काचेच्या दाराचं. त्याचा तरुण मालक कायम टाय लावून बसायचा. सासऱ्यांनी त्याच्या वडिलांकडे बरीच वर्षं काम केलं होतं. तिथे काही नाही, एवढंच म्हणायचे आणि रस्ता ओलांडायचे.

पाचव्या रविवारी त्यांना खोकला झाला म्हणून ते आले नाहीत. आम्ही दोघंच गेलो, आणि अर्थातच काचेच्या दारातून आत शिरलो.

हवा तसा साइडबोर्ड मागच्या दालनात होता. अक्रोडाचा, काळसर तपकिरी, वर राखाडी संगमरवर, दारांवर द्राक्षांचे घोस कोरलेले. टायवाला म्हणाला की फ्रान्समधल्या एका हवेलीतून आलाय, एकशे चाळीस वर्षांचा आहे. सध्या विकायला नाही, वडिलांची आवड म्हणून ठेवलाय, पण योग्य गिऱ्हाईक असेल तर बघू. बायको वडिलांसारखीच गुडघ्यांवर बसली. मागची फळी बघितली, तळ बघितला. मग मधला खण बाहेर काढला आणि त्यात तोंड घातलं.

ती बाहेरच येईना. मी दोनदा हाक मारली. शेवटी खण मांडीवर धरून ती तशीच फरशीवर बसली. चेहरा पार उतरलेला.

"आई आहे यात," ती म्हणाली.

मी वाकून वास घेतला. धूळ होती, थोडं आंबूस काहीतरी होतं. मला म्हणाल तर तो जुन्या खणाचा वास होता. पण माझ्या मानेवर काटा आला हेही तितकंच खरं. कारण ती रडत नव्हती, घाबरली होती. मी टायवाल्याला पाणी आणायला पिटाळलं. तेवढ्यात तिने भराभर बोलायला सुरुवात केली. आईचं कपाट मोडलं त्या लोकांनी. त्याचं लाकूड कुणीतरी यात घातलंय. त्यांच्यावर काहीतरी वाईट वेळ आली असणार, नाहीतर कुणी असं कपाट मोडतं का. ती मुलगी कुठे असेल आता? आहे तरी का?

मला वाटलं होतं, ती आईबद्दल बोलेल. ती कपाटवालीबद्दल बोलत होती.

तिथून आम्ही थेट वर्कशॉपला गेलो. सासरे खोकत खोकत एका टेबलावर पॉलिशचा हात फिरवत होते. बायकोने दारातूनच त्या घराचा पत्ता मागितला. त्यांना आधी कळलंच नाही. मग तिने साइडबोर्डचं सांगितलं, खणाचं सांगितलं, आणि म्हणाली, "मला तिला एकदा बघायचंय, बाबा. बाकी काही नको. बरी आहे एवढं बघते आणि परत येते."

पॉलिशचा बोळा कधी थांबवायचा नसतो. तो सरकत सरकत टेबलावर यावा लागतो आणि सरकतच बाहेर जावा लागतो. एक क्षण थांबला तरी खालची लाख उचकटते आणि डाग पडतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा हात टेबलाच्या मधोमध थांबला. मी त्या हाताकडे बघत होतो.

"उद्या दुकानात येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले, स्वच्छ सदरा घालून. साइडबोर्डपासून चार पावलांवर थांबले आणि तिथून हलले नाहीत. गुडघ्यांवर बसले नाहीत, काही उघडलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना एखाद्या वस्तूजवळ जायला भिताना मी पहिल्यांदाच बघितलं. टायवाल्याने ओळख दाखवून हसायचा प्रयत्न केला, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मला म्हणाले, "जावईबापू, मागचा डावा पाय. आतल्या बाजूने बोट फिरवा. फुलीचा स्क्रू लागेल."

मी आडवा झालो, हात घातला. स्क्रू होता. त्यावर फुली होती.

"तो मी लावलाय," ते म्हणाले. "खोट्या वस्तूत एक तरी फुलीचा स्क्रू मी ठेवायचोच. नीट बघेल त्याला कळावं म्हणून. हा साइडबोर्ड मीच केलाय, याच्या वडिलांकडे होतो तेव्हा. फ्रान्सबिन्स काही नाही."

टायवाला फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. त्याला बहुतेक माहीत असावं.

बायको म्हणाली, "मग लाकूड तुम्ही त्यांच्याकडून परत आणलंत?"

प्रश्न तिने फार आशेने विचारला होता. त्यांना सुटायला तेवढी वाट पुरली असती. हो म्हणाले असते, तर ते घर, ती मुलं, ती मुलगी, सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. मला तर तेव्हा मनातून वाटत होतं, म्हणा हो.

"कुणाला दिलंच नव्हतं, पोरी. एक दिवस मी घरी आलो तर तू दिसेनास. सगळीकडे शोधलं. तू कपाटात होतीस. आईच्या कपड्यांत, आतून दार ओढून घेतलेलं, झोपलेली. हलवलं तरी उठेनास. मला वाटलं, तूही गेलीस. त्यानंतर रोजच जाऊन बसायला लागलीस. मला भीती वाटायला लागली. ते जाळवेना, विकवेना. म्हणून मोडलं आणि यात घातलं. सगळं रंधून काढणार होतो. नाहीतर वास राहतो, हे मला कळत नव्हतं का? पण आतल्या बाजूला रंधा लावायला हात धजला नाही. तशीच ठेवली."

"आणि ती?" बायकोने विचारलं.

"कोण?"

"माझ्याएवढी होती ती."

"नव्हती गं."

त्या दालनात तीस-चाळीस आरसे तरी होते, आणि सगळ्यांत आम्ही तिघंच उभे होतो. बायकोने एकदा आजूबाजूला बघितलं. खरंच बघितलं, कुणी दिसतंय का म्हणून. मग तिने शेवटचा प्रश्न विचारला, अगदी लहान आवाजात.

"मग माझे फ्रॉक?"

"आहेत."

ती बाहेर पडली आणि घरापर्यंत चालत गेली. मी मागे मागे. सासरे तिथेच राहिले.

ते फ्रॉक मी आणले. वर्कशॉपच्या माळ्यावर, जुन्या कपड्यांच्या पोत्यांच्या मागे, एका पिशवीत होते. सातही. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड, बोळ्यासाठी याच्यासारखं दुसरं मिळायचं नाही. या माणसाने माझे बनियन दोरीवरून पळवले, शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे मागून आणले, आणि वीस-पंचवीस वर्षं हे सात फ्रॉक डोक्यावर असताना त्यांना कात्री लावली नाही. मला त्यांचा राग आला होता, तो तिथे माळ्यावर थोडा कमी झाला. बायकोचा झाला नाही. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई गेल्याचं मला कळलं होतं रे. ही आत्ता गेली."

झोपेबद्दल काही बोलायचं मी टाळलं.

साइडबोर्ड आमच्याकडे आला. टायवाल्याशी काय बोलणी झाली ती मी केली आणि ती सांगण्यासारखी नाहीत. वस्तू खोटी आहे हे आम्हाला माहीत आहे, हे त्याला माहीत होतं, एवढं पुरे. जेवणाच्या खोलीच्या त्या भिंतीला तो अगदी मापाने बसला. ताटल्या अजून खोक्यातच आहेत. डावीकडच्या कप्प्यात टेबलक्लॉथ आहेत, उजवीकडे काहीबाही आहे. मधल्या खणात सात फ्रॉक आहेत, आणि तो खण बायकोशिवाय कुणी उघडत नाही. मीही नाही. पण रविवारी दुपारी, खिडकीतून ऊन त्याच्यावर आलं की मी टेबलाशी बसलेलो असतो आणि मला संत्र्याच्या सालीचा वास येतो. ज्याला दुकानात नुसता जुन्या खणाचा वास आला होता, त्या मला. दोनदा मी उठून डस्टबिन बघून आलो. मग मी खुर्ची बदलली. आता पाठ त्याच्याकडे होत नाही अशा जागी बसतो.

सासरे महिनाभर आले नाहीत. मग मीच बोलावलं. आले, जेवणाच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि साइडबोर्डकडे बघितलं. कुणाच्याही घरात शिरून कुणाचाही खण उपसणारा हा माणूस. त्यांनी मुलीला विचारलं, "उघडू का गं?"

"आज नको," ती म्हणाली.

ते बसले, जेवले, गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. विचारताना त्यांचा आवाज मात्र दर वेळी थोडा खाली जायचा. खोकला वाढला होता, वर्कशॉपमध्ये कामं कमी झाली होती. एकदा मी बायकोला म्हटलं की किती दिवस असं चालायचं, म्हातारा माणूस आहे. ती म्हणाली, त्या मुलीबद्दल मी त्यांना किती वेळा विचारलं असेल, दर वेळी ते काहीतरी रचून सांगायचे. थोडं त्यांनीही विचारू दे.

परवाच्या रविवारी ते आले तेव्हा जेवण टेबलावर यायचं होतं. ऊन पडलं होतं, तो वास होता. ते दारात उभे राहिले, पण त्यांनी विचारलंच नाही. नुसते साइडबोर्डकडे बघत राहिले आणि मग आपल्या खुर्चीकडे वळले.

बायको पाण्याचा जग टेबलावर ठेवत होती. तिने वर बघितलं नाही.

"आधी हात धुऊन या, बाबा," ती म्हणाली. "साबणाने. पॉलिशचे डाग पडतील फ्रॉकना."

ते बेसिनपाशी गेले. नळ बराच वेळ चालू होता. ते परत आले तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते आणि नखांच्या कडा नेहमीसारख्याच काळ्या होत्या. ते हात त्यांनी मुलीसमोर धरले, दोन्ही बाजूंनी उलटेसुलटे करून दाखवले. तिने ते पदराने पुसले आणि बाजूला झाली.